चवीचा गोळा

मी, सायमी विल्हेल्मीना हुस्को, आर्वी हुस्कोची विधवा, वय एक्याऐंशी, राहणार हौकीवारा, अंगणातलं जुनं घर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. कोणी माझ्या मानगुटीवर बसलेलं नाही. बँकेतल्या बाईने सांगितलं की आधी शुद्धीचं लिहावं लागतं, त्याशिवाय कागद चालत नाही. तर लिहिते. मी आज शुद्धीत आहे. बाहेर चिखल गोठलाय, चुलीत बर्चची लाकडं आहेत, पुढ्यात कॉफी आहे, आणि या सगळ्याची नावं मला येतात. उद्याचं मी लिहून देत नाही. म्हणून घाई आहे.

माझी शाळा म्हणजे फिरती शाळा. मास्तर गावात यायचे, चार आठवडे राहायचे, निघून जायचे. तेव्हा शुद्धलेखनाला जो हसेल त्याने वाटणी मागू नये.

कलम पहिलं. तळ्यापलीकडचं जंगल माझा एकुलता मुलगा टौनो याला. कायदा त्याला अर्धं देतोच, मी उरलेलंही देते, कारण त्याला झाडं कळतात. माणसं कळत नाहीत, पण जंगलात माणसं नसतात. टेकडीवरचे जुने पाइन त्याने तोडू नयेत. तोडणार आहेच, माहीत आहे, तरी लिहून ठेवते, म्हणजे करवत चालवताना मान खाली जाईल.

कलम दुसरं. हे जुनं घर, आतली चूल, धुराडं आणि वाफेची न्हाणी, सौना, माझी नात मेर्वी हिला. टौनोच्या मनात घर पाडून ट्रॅक्टरची शेड बांधायची आहे. चुलीच्या विटेला त्याने हात लावायचा नाही.

कलम तिसरं. सून राकेल हिला तिनेच मला लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दिलेलं विजेचं खिमायंत्र, खोक्यासकट, न उघडलेलं. बाकी काही नाही.

हे असं का, तेही लिहिते. नाहीतर मागून म्हणतील, म्हातारी सासुरवाशिणीवर सूड उगवून गेली.

मृतांचा शनिवार होता. कबरींवर मेणबत्त्या लावून सगळे माझ्याकडे जेवायला आले. अंगण ओलांडलं की झालं, टौनो आणि राकेल समोरच्या विटांच्या नव्या घरात राहतात. मेर्वी शहरातून आली होती. दर वर्षीसारखे मी खिम्याचे गोळे केले, सायीचा रस्सा, उकडलेले बटाटे, लोणच्याची काकडी, पुओलुक्काची आंबट लाल फळं. सगळे खाली माना घालून जेवले. टौनोने तीनदा वाढून घेतलं. मग राकेलने काटा ठेवला आणि म्हणाली, "आई, आज फारच छान झालेत."

माझ्या पाठीवरून कोणीतरी गार पाणी ओतल्यासारखं झालं.

बत्तीस वर्षं ही बाई माझ्या घरात जेवते आहे. पहिल्याच जेवणाला नव्या नवरीने चमचा चाटून म्हटलं होतं, "रस्सा जरा पिठूळ झालाय." त्यानंतर दर वेळी काहीतरी. कांदा करपला. गोळे दगड झालेत. आमच्याकडे असं करत नाहीत. बत्तीस वर्षांत एकदाही चांगलं म्हणाली नाही आणि त्या दिवशी म्हणाली. मेर्वी लगेच म्हणाली, "आजी, तू शंभर वर्षं जगणार बघ." टौनो ताटलीकडे बघत होता.

ते गेल्यावर मी भांड्यात उरलेला एक गोळा तोंडात टाकला. मीठ नव्हतं. एक कणसुद्धा नव्हतं. आणि कबाबचिनीच्या जागी मी गोड पावात घालतात ती दालचिनी घातली होती. मी तो गोळा थुंकला आणि तिथेच मोरीचा काठ धरून उभी राहिले. चूक झाली याची भीती नव्हती. चूक होते. पण आपल्याकडे पहिला एक गोळा तळून चाखतात, मग बाकीचे वळतात. कच्चा खिमा चाखायचा नाही, तळून बघायचा, हे मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या. त्याला आम्ही चवीचा गोळा म्हणतो. माझ्या घरात तो फक्त मी खाल्ला आहे, आर्वीलाही कधी दिला नाही. त्या शनिवारी मी तो तळला होता. चाखलाही होता. बशीत अर्धा चावलेला पडला होता. चाखून मी मान डोलावली असणार आणि पुढे वळायला घेतलं असणार.

आता अल्माचं लिहिते. अल्मा माझी थोरली बहीण. तिचं डोकं गेलं तेव्हा सगळं गाव तिच्याशी गोड बोलायला लागलं. अल्मा, किती छान दिसतेस. अल्मा, काय सुंदर विणलंयस. जिच्या तोंडाला गाव घाबरायचं तिच्याशी लोक पाळण्यातल्या पोरासारखं बोलायचे. मला तेव्हाच कळलं की आपल्याकडे माणूस संपलं की लोक त्याची स्तुती सुरू करतात. शेवटी तिला वृद्धाश्रमात ठेवलं. मी भेटायला गेले तर ती खिडकीशी बसून घोंगडीची लोकर उपसत होती. एका हाताने चिमूट घ्यायची, दुसरा हात पाण्याच्या पेल्यात बुडवायची, तळव्यावर गोल वळायची आणि ट्रेमध्ये ओळीत ठेवायची. सगळे एका मापाचे. मी म्हटलं, "अल्मा, मी सायमी." तिने वर पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाली, "बसा ना बाई. कोणाकडे आलात? जेवूनच जा, गोळे होतच आलेत."

तिच्या हाताला पाणी लावायचं लक्षात होतं. बहीण लक्षात नव्हती.

मी मोरीपाशी उभी होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती लोकर होती.

म्हणून हे मृत्युपत्र. आणि म्हणून राकेलला खिमायंत्र. जिने खरं बोलायचं तिनेच त्या दिवशी, लोक अल्माची काढायचे तशी, माझी समजूत काढली.

कलम चौथं. बँकेतले पैसे जे असतील त्यातून माझं दफन, उरतील ते मेर्वीला. दफनानंतर कॉफी आणि पाव द्या. भाषण कोणी करायचं नाही. पाद्रीबुवांना सांगा की 'प्रेमळ' हा शब्द वापरला तर मी उठून बसेन. विकतचे पाकिटातले गोळे माझ्या दफनाच्या जेवणात दिसता कामा नयेत.

कलम पाचवं. आर्वीची कुऱ्हाड, रंधा आणि मासे सोलायची सुरी टौनोला. मोठी करवत शेजारी ओनी रास्की याने आर्वी गेला त्या हिवाळ्यात नेली ती अजून त्याच्याकडेच आहे. ओनीला मी साक्षीदार म्हणून बोलावणार आहे आणि बँकेतल्या बाईने सांगितलंय की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. तेव्हा ओनी, करवत परत कर.

कलम सहावं. खिम्याचे गोळे आणि सायीचा रस्सा. ही माझी मालमत्ता आहे आणि ती मी आज लिहून काढते, माझ्याजवळ आहे तोवर.

अर्धं गाईचं मांस, अर्धं डुकराचं, हाताच्या यंत्रातून काढलेलं. आधी वाळक्या पावाचा चुरा घट्ट सायीत भिजवायचा. कॉफी उकळून तिचा गाळ खाली बसेपर्यंत तो फुगतो, घाई केली तर गोळे दगड होतात. कांदा अगदी बारीक चिरून लोण्यात मऊ करायचा, लाल नाही करायचा, आणि पूर्ण गार होऊ द्यायचा. गरम कांदा मांसात घालते ती आळशी बाई. मग अंडं, मीठ, कुटलेली कबाबचिनी, थोडी पांढरी मिरी. हाताने मळायचं, चमच्याने नाही. मळून झालं की

इथे मी थांबले. मळून झालं की काय, ते येईना. पेन धरून बसले. कॉफी गार झाली. घाम फुटला मला, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या खुर्चीत. शेवटी उठून ओट्याशी गेले, रिकामं भांडं घेतलं आणि हात चालवायला लावले. हात आपोआप पातेल्याकडे वळला आणि पाण्यात बुडाला. हां. हात ओले करायचे. परत येऊन लिहिते आहे. पण हाताने आठवून दिलं हे मला मुळीच आवडलेलं नाही. अल्माचे हातही हुशार होते.

हात ओले करून चवीचा गोळा वळायचा, तळायचा, चाखायचा. मीठ बघायचं. मग बाकीचे. बिडाच्या तव्यात लोणी, गोळे हलवत राहायचे, चारी बाजू तपकिरी. गोळे बाहेर काढायचे, तवा धुवायचा नाही. जो तवा धुतो त्याला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. त्याच लोण्यात पीठ, वाळक्या गव्हाच्या रंगाचं होईपर्यंत. मग पाणी, मग साय, ढवळत. गोळे परत आत. मंद आचेवर गाल फुगवून बसल्यासारखा रस्सा बुडबुडायला लागला की झालं.

याच्या खाली बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण झडप.

चूल विझत आली की धुराड्याची झडप बंद करायची, म्हणजे ऊब विटांत राहते. फार उशीर केला तर ऊब आकाशात जाते. फार लवकर केली तर निखाऱ्यांतला विखारी वायू घरात राहतो, त्याला वास नसतो, आणि सकाळी घरातली माणसं उठत नाहीत. निळी ज्योत नाचत असेल तोवर झडपेला हात लावायचा नाही, हे आमच्या पोरांना देवाच्या नावाआधी शिकवतात. मी आयुष्यभर रोज ती झडप बंद केली आहे. आता निखारे बघते, निळी ज्योत नाही असं ठरवते, हात वर करते, आणि हात वर गेला की आठवत नाही की बघितलं होतं का. पुन्हा वाकते. पुन्हा बघते. पुन्हा हात वर. एकदा तर झडपेची साखळी ओढली आणि मग विस्तवात निळं काहीतरी हललं, की मला वाटलं. मी झडप उघडली, दार उघडलं आणि कोट घालून पायरीवर बसून राहिले.

तेव्हापासून झडप उघडीच ठेवते. सकाळी पाण्याच्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा असतो. मी दोन लोकरी जाकिटं घालून झोपते. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोड बोलायला लागले असते.

गेल्या बुधवारी राकेल दूध घेऊन आली. नेहमीसारखी दारात उभं राहून जाईल म्हटलं. पण ती आत आली, हातमोजा काढला आणि चुलीच्या भिंतीला तळवा लावला.

"आई, भिंत गार का?"

"बाहेर थंडी आहे."

"ही भिंत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उबदार असते. मी बत्तीस वर्षं इथे मोजे वाळवतेय. झडप बंद करत नाही तुम्ही?"

"तुला काय करायचंय? तुझ्या नव्या घरात विजेची ऊब आहे, तिथे जा."

"आई."

"आई काय? त्या दिवशी गोळ्यांत मीठ नव्हतं. दालचिनी होती. आणि तू म्हणालीस छान झालेत! तुझ्या जिभेला काय लकवा झाला होता? टौनोने शिकवलं होतं ना?"

"त्याने टेबलाखाली लाथ मारली," राकेल म्हणाली. "पण त्याच्यामुळे नाही."

"मग?"

ती बसली. माझ्या घरात ती सांगितल्याशिवाय बसली हे पहिल्यांदा. म्हणाली, "पहिल्या घासालाच कळलं. मी तुमच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तुम्ही ओरडाल, कोणी मीठ लपवलं म्हणून. तर तुम्ही शांतपणे खात होतात. तोच गोळा. दालचिनीचा. चव घेत होतात." तिने हातमोजा मुठीत चुरगळला. "मला भीती वाटली हो. घाबरले आणि तोंडातून जे निघालं ते निघालं."

मी तिने आणलेलं दूध ओट्यावर नेऊन ठेवलं.

"मलापण," मी म्हटलं.

तिने ऐकलं नाही असं दाखवलं, ते बरं केलं. नाक पुसलं, उठली, चुलीचं दार उघडून वाकून बघितलं. "निळं काही नाही," म्हणाली. "बघा तुम्ही." मीही वाकले. दोघी चुलीत डोकं घालून बसलो होतो, बाहेरून कोणी पाहिलं असतं तर दोघींनाही आश्रमात घातलं असतं. निळं नव्हतं. तिने साखळी ओढली, झडप खडकन बसली.

"उद्यापासून मी येऊन बंद करते," ती म्हणाली.

"मी काय पांगळी आहे?"

"पांगळ्या नाहीत, विसराळू आहात. आणि त्या दिवशीचा रस्सा पिठूळही होता."

खरं सांगते, महिन्यात पहिल्यांदा मला नीट श्वास आला.

कलम सातवं. वरचं कलम दुसरं आणि कलम तिसरं मी रद्द करते. जुनं घर, चूल, धुराडं, झडप आणि सौना राकेल हुस्को हिला, तिच्या एकटीच्या नावावर. टौनो तिथे राहू शकतो, तिने ठेवला तर. विजेचं खिमायंत्र मेर्वीला. मेर्वी पोर चांगली आहे, पण ती सगळ्यांना शंभर वर्षं जगवते. कधी माझी विचारपूस करायला यावंसं वाटलं तर आईकडे बघून शिकावं.

कलम आठवं. उद्या परवा माझं डोकं अल्मासारखं गेलं, तर माझ्याशी गोड कोणी बोलायचं नाही. राकेलने तर मुळीच नाही. मी लोकरीचे गोळे वळायला लागले, तर तिने यावं, समोर बसावं आणि सांगावं की मीठ कमी आहे. मला समजेल की नाही, माहीत नाही. याचंच मला भय आहे, बाकी मरणाचं एवढं नाही. तरी सांगावं.

आता आजचं. आज शनिवार, सही करायचा दिवस. बँकेतल्या बाईने दोन साक्षीदार एकाच वेळी समोर हवेत असं सांगितलं म्हणून ओनी रास्की आणि गावातल्या दुकानाच्या सिल्वी माताला यांना जेवायलाच बोलावलं. ओनी करवत घेऊन आला नाही. राकेलला मी मदतीला बोलावलं. खिमा मी मळला. कांदा गार होऊ दिला. चुरा भिजवला. कबाबचिनीचा डबा दोनदा हुंगला. हात ओले करून चवीचा गोळा वळला, तव्यात टाकला, तपकिरी झाल्यावर बशीत घेतला. ओनी आणि सिल्वी टेबलाशी बसून हवेबद्दल बोलत होते, त्यांना काय कळणार.

मी बशी राकेलपुढे धरली.

ती माझ्याकडे बघत राहिली. "हा तुमचा असतो, आई."

"खा."

तिने फुंकर घातली, अर्धा चावला, डोळे मिटले. चुलीत लाकूड फुटलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, छान म्हणालीस तर हा तवा तुझ्या डोक्यात घालीन.

"मीठ नाही," राकेल म्हणाली. "अजिबात नाही."

मी टेबलाचा काठ धरला. तिने मिठाचं भांडं माझ्या हातात दिलं, स्वतः घातलं नाही. मी चिमूट घेतली, घातली, मळलं. तिने दुसरा गोळा तळला. चाखला.

"आता आहे," ती म्हणाली. "पण कबाबचिनी जास्त झालीय."

तेव्हा गोळे तळले, रस्सा झाला, चौघे जेवलो, आणि आता मी सही करते. मी शुद्धीत आहे का, हे पुढे कोणी कोर्टात विचारलं, तर राकेलला विचारा. ती खोटं बोलणार नाही.

कलम नववं आणि शेवटचं. चवीचा गोळा आजपासून राकेलचा. मी जिवंत आहे तोवरही.

सही: सायमी हुस्को
हौकीवारा, २१ नोव्हेंबर १९८७

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. सायमी हुस्को यांनी आमच्यादेखत स्वतःच्या इच्छेने सही केली आणि आमच्या समजुतीप्रमाणे त्या पूर्ण शुद्धीत आहेत. आम्हा दोघांना या कागदातून काही मिळत नाही.

ओनी रास्की, शेतकरी, हौकीवारा. (करवत सोमवारी आणून देतो.)

सिल्वी माताला, दुकानदार, हौकीवारा. (जेवण फार छान होतं.)

सिल्वीचं शेवटचं वाक्य मी बघितलं. कबाबचिनी जास्त झाली होती. सा. हु.